बॅरेट: अंदाजाने तुकडे, की आधी फवारणी?

जळगाव-भुसावळकडे नव्याने एन्डोस्कोपी सुरू करणारे धाकटे मित्र विचारतात: बॅरेटच्या (जठरातलं आम्ल वर येत राहून अन्ननलिकेचं खालचं अस्तर बदललेल्या, पुढे कॅन्सरचा धोका असलेल्या) पेशंटला सिएटल पद्धतीने, म्हणजे ठरावीक अंतरावर सरसकट, तपासणीचे तुकडे घ्यायचे, की ॲसेटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) मारून संशयित जागेचेच? मी दोन्ही केलंय. चूक कोणतंच नाही.

सिएटलमध्ये आपल्या नजरेवर भिस्त नसते, हा तिचा मोठा गुण. दर 2 सेंमीला चार बाजूंनी, म्हणजे 6 सेंमीच्या बॅरेटला 16 तुकडे. बाटल्या, चिठ्ठ्या, पॅथॉलॉजीचं बिल. "डॉक्टरसाहेब, इतला तुकडा कसाले?" हा नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला. एवढं मी चालवून घेत होतो.

खटकलं ते वेगळंच. चोपड्याकडच्या एका शेतकरीदादांचा रिपोर्ट आला: 34 सेंमीच्या (दातांपासूनचं अंतर) बाटलीत डिस्प्लेशिया, म्हणजे कॅन्सरआधीचा पेशींतला बदल. पण 34 ला नेमका कुठे? बाटली उंची सांगते, बाजू नाही. दादा पुन्हा उपाशीपोटी एसटीने आले आणि मी वीस मिनिटं ती गुलाबी भिंत न्याहाळत बसलो. काही दिसेना. शेवटी शेजारच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडून गर्भाशयमुखाच्या तपासणीचं 5 टक्क्यांचं ॲसिड मागवलं, तेवढंच निर्जंतुक पाणी घालून अडीच टक्के केलं आणि 20 मिली सोडलं. सगळं बॅरेट पांढरं झालं. मिनिटभरात डावीकडे नखाएवढी एकच जागा लाल पडली, बाकीचं पांढरंच. तिथले तुकडे घेतले, रिपोर्ट जुळला. नंतर "फवारणी केली" म्हटल्यावर दादा हसले, "कपाशीवरची का?"

ॲसिडचेही नखरे आहेत. चिकट स्राव आधी धुवावा लागतो. सुजलेली अन्ननलिकाही लवकर लाल पडून फसवते, म्हणून आधी पीपीआय (आम्ल कमी करणारी गोळी) देऊन सूज उतरवावी. पहिली दोन-तीन मिनिटं कॅमेऱ्यावरून नजर हटवायची नाही. ग्लेशियल (पाणी न घातलेल्या, तीव्र) ॲसिडची बाटली तर खोलीतच नको. पातळ करून, लेबल लावूनच आत आणायची. एन्डोस्कोपीवाल्यांच्या अमेरिकन सोसायटीने (एएसजीई) 2016 मध्ये या पद्धतीला मान्यता दिली तीही अनुभवी हातांपुरती, त्यामुळे सुरुवातीला नेहमीचे तुकडे सोडू नयेत, असं आपलं माझं मत. लांबलचक बॅरेटमध्ये मीही सोडत नाही.

तंबाखूवाल्यांच्या स्क्वेमस (अन्ननलिकेच्या मूळ अस्तरातल्या) कॅन्सरच्या संशयाला, आणि आपल्याकडे तेच पेशंट जास्त, लुगोल आयोडीनच लागतं. बॅरेटला मात्र माझ्या ट्रॉलीवर आता आधी ॲसिडची सिरिंज भरली जाते, बाटल्या नंतर.