ऑगस्टअखेरचा हिमालय: गढवाल की लडाख-स्पीती?

२० ऑगस्ट ते ३० सप्टेंबर या चाळीसेक दिवसांत रजा हातात असेल आणि हिमालयात जायचं पक्कं असेल, तर गाडी बहुतेक वेळा दोन नावांवर येऊन अडते. एक गढवाल, म्हणजे व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, हेमकुंड, बद्रीनाथ. दुसरं लडाख किंवा स्पीती. मोबाइलवर दोन्हीकडची हवा शेजारी शेजारी लावून पाहिली की निकाल लागल्यासारखा वाटतो: जोशीमठवर ढग आणि विजा, लेहवर लख्ख ऊन. ही तुलना अर्धवट आहे. या दिवसांत मुक्कामाच्या गावापेक्षा तिथवर नेणाऱ्या रस्त्याची हवा जास्त महत्त्वाची असते.

पावसाचं गणित आपल्या ओळखीचं आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि पलीकडचा माणदेश त्याच्या दहाव्या हिश्शावर वर्ष काढतो. हिमालयात तेच घडतं, फक्त भिंत कित्येक पटींनी उंच. बाष्पाने भरलेले ढग गढवालच्या दक्षिण उतारांवर रिते होतात; मुख्य रांग ओलांडून लेहला पोचतं ते वर्षभरात मिळून सुमारे १०० मिलिमीटर. ऑगस्टात लेहला दिवसा २५ अंशांच्या आसपास आणि रात्री दहाच्या आगेमागे तापमान असतं. सप्टेंबर सरता सरता रात्री बोचऱ्या होतात आणि ४,२०० मीटरच्या वर असलेल्या पँगाँगकाठी पारा शून्याखाली उतरतो.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडच्या माणसाला हमखास चकवते. ऑगस्टात महाराष्ट्रात पावसाने ओढ दिली, आठवडाभर ऊन पडलं, की वाटतं पाऊस सरला, आता निघावं. पण आपल्याकडे खंड पडतो तेव्हा मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा बऱ्याचदा उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसलेला असतो. म्हणजे इथे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून असतो, तेव्हा उत्तराखंड आणि हिमाचलात झड लागलेली असते. इथल्या उघडिपीवरून गढवालचं तिकीट काढू नका. त्यावर पश्चिमी झंझावात, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळी प्रणाली, त्या पट्ट्याला येऊन मिळाली, तर पाऊस थोड्या वेळात भयंकर होतो. जून २०१३ मध्ये केदारनाथला झालेल्या अतिवृष्टीमागे हाच मेळ होता.

गढवाल

फुलांसाठी जाणाऱ्यांनी आधी मनाशी एक हिशेब करावा. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १ जून ते ३१ ऑक्टोबर खुली असते, पण बहर साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट. ऑगस्टअखेर फुलं विरळ होऊ लागतात आणि सप्टेंबरात दरी पिवळसर व्हायला लागते. हेमकुंडच्या वाटेवर, ४,००० मीटरच्या आसपास, ब्रह्मकमळं मात्र सप्टेंबरातही भेटतात. मला स्वतःला तेवढ्यासाठीही ती चढण करावीशी वाटते.

अडचण चालण्यात नाही. गोविंदघाट ते घांघरिया ही वाट भिजत चालता येते. चांगला रेनकोट आणि सुक्या मोज्यांचे दोन जोड पुरतात. खरी अडचण ऋषिकेश ते जोशीमठ या अडीचशे किलोमीटरच्या रस्त्याची. सिरोबगडसारख्या ठिकाणी डोंगर दरवर्षी खाली येतो. दोन महिने पाणी मुरलेली माती ऑगस्टअखेर इतकी जड झालेली असते की दरड कोसळायला मोठा पाऊसही लागत नाही. कधी ऊन पडल्यावरही ती येते. म्हणून दहा दिवसांच्या बेतात किमान दोन दिवस रिकामे ठेवल्याशिवाय या काळात गढवालला जाऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन. तेवढी रजा नसेल, तर हा पर्याय खोडून टाका.

लडाख आणि स्पीती

लेहला विमानाने गेलात, तर ओला पट्टा सगळा खाली राहतो. त्याची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागते: दीडेक तासात माणूस थेट ३,५०० मीटरवर उतरतो. पहिले दोन दिवस काहीही न करता पडून राहायची तयारी हवी. पाच हजार मीटरच्या वरची खारदुंग ला ही खिंड तिसऱ्या दिवसाआधी नको.

रस्त्याने जाणार असाल, तर चित्र पालटतं. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यावर रोहतांग खिंडीची कटकट संपली, आणि मनालीमार्गे लेह आता बिनघोर असा समज पसरला. पण बोगदा मनालीच्या पुढे आहे. मंडी ते कुल्लू हा घाटरस्ता मनालीच्या आधीच येतो आणि तो भर पावसाच्या पट्ट्यात आहे. बोगद्यापलीकडच्या लाहौलमध्ये कोरडं ऊन असताना माणसं मंडीपाशी तुटलेल्या रस्त्यावर दिवस काढतात. स्पीतीला किन्नौरमार्गे जाणाऱ्यांचंही तेच: ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीला दरड कोसळून बसच गाडली गेली होती. स्पीतीचं मुख्य गाव काझा ते मनालीच्या बाजूचं ग्राम्फू या कच्च्या रस्त्यावर पावसाविनाही पाणी वाढतं, कारण दुपारच्या उन्हाने बर्फ वितळून नाल्यांना लोंढा येतो. तिथले नाले सकाळी लवकर ओलांडायचे. दुपारी दोननंतर पलीकडे जायचा हट्ट धरायचा नाही.

आणि कोरडा प्रदेश म्हणजे निर्धास्त प्रदेश नव्हे. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला रात्री ढगफुटी झाली आणि दोनशेच्या वर माणसं गेली. उघडे डोंगर आणि मातीची घरं, पाणी धरून ठेवायला काहीच नाही. असा पाऊस तिथे क्वचित होतो. झाला तर नाल्याच्या तोंडाशी तंबू ठोकलेल्यांचे हाल सर्वांत वाईट.

तारखांचा प्रश्न

मान्सून पश्चिम राजस्थानातून माघारी फिरायची सरासरी तारीख १७ सप्टेंबर. उत्तराखंडातून तो निघायला साधारण महिनाअखेर उजाडते. त्यामुळे माझा कल असा: १५ सप्टेंबरच्या आत जायचं असेल तर विमानाने लेह, २५ सप्टेंबरनंतर जायचं असेल तर गढवाल, कारण तेव्हा हवा धुऊन निघालेली असते आणि नीलकंठ, चौखंबा ही शिखरं स्वच्छ दिसतात. मधल्या दहा दिवसांत मी स्पीतीला झुकतं माप देईन, तेही रस्त्यांची खबर घेऊनच.

हे सरासरीचं बोलणं झालं. सप्टेंबर २०१४ च्या पहिल्या आठवड्यातल्या पावसाने काश्मीर बुडालं. सप्टेंबर २०१८ मध्ये लाहौल-स्पीतीत अवेळी बर्फ पडून शेकडो लोक अडकले. ऑक्टोबर २०२१ मध्ये कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला २४ तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणून निघण्याआधी दोन अंदाज बघा. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो. त्यावरून आठवडा निवडा, दिवस नव्हे. दिवस ठरवायला पुढच्या काही दिवसांचा जिल्हावार इशारा. गढवालसाठी चमोली बघता तसे रुद्रप्रयाग आणि पौडीही बघा, मनालीमार्गे जाताना मंडी आणि कुल्लू. यांपैकी एकाही जिल्ह्यावर लाल रंग असेल, तर मुक्कामी कितीही ऊन असो, त्या दिवशी गाडी काढू नका. नारिंगी असेल तर उजाडताच निघा आणि उजेड आहे तोवर टप्पा संपवा, कारण पायथ्याच्या पट्ट्यात पावसाचा जोर बहुधा मध्यरात्रीनंतर वाढतो आणि रात्री आलेली दरड सकाळपर्यंत कुणाच्या नजरेस पडत नाही.