ओसीआय कार्ड: आजोळी जायला घ्यावं की नाही?

पंधरा दिवस आजीकडे राहून परत यायचं आहे आणि तिकीट पुढच्या महिन्याचं आहे, तर ओसीआयच्या (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) नादी लागू नका. तुमच्या पासपोर्टला ई-व्हिसाची सोय असेल तर तीस दिवसांचा ई-टुरिस्ट व्हिसा काढा आणि निघा. कार्ड चांगलंच आहे, पण ते घाईत निघत नाही. कागद गोळा करण्यातच कधीकधी एक अख्खी भारतवारी खर्ची पडते.

नावात ‘सिटिझन’ असलं तरी हे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही. हवं तितक्या वेळा ये-जा करू देणारा आजन्म व्हिसा, एवढंच समजा. कितीही महिने राहिलात तरी परदेशी नागरिक म्हणून नोंदणीसाठी खेटे घालावे लागत नाहीत. योजना २००५ची, २०१५ साली जुनं पीआयओ (पर्सन ऑफ इंडियन ओरिजिन) कार्डही यातच विलीन झालं. पात्रता पणतवंडांपर्यंत आहे. परदेशातून अर्ज केला तर शुल्क २७५ डॉलर, वर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. आयुष्यात एकदाच यायचं असेल तर महाग, दर दोन वर्षांनी गणपतीला यायचं असेल तर वसूल.

ऑनलाइन फॉर्म दोन भागांत आहे आणि तो फारसा त्रास देत नाही. फोटो चौरस लागतो, सहीची चौकट उंचीच्या तिप्पट रुंद. यात चूक झाली तर फाइल परत चढवायची, बस. खरं काम साखळी जोडण्याचं. आईचा किंवा बाबांचा रद्द झालेला भारतीय पासपोर्ट आणि सरेंडर सर्टिफिकेट (तो पासपोर्ट परत केल्याचा दाखला) घरात असेल, तर ते आणि तुमचा जन्मदाखला एवढ्यात निम्मी लढाई जिंकली. आईबाबाही परदेशातच जन्मलेले असतील, तर मात्र आजोबा भारतीय होते, बाबा त्यांचे आणि तुम्ही बाबांचे, अशी प्रत्येक कडी कागदावर दाखवावी लागते.

इथेच मराठी घरांची गंमत सुरू होते. जुन्या जन्मनोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’, वडिलांचं नाव आणि तारीख, संपलं. काही गावांत ते रजिस्टरच सापडत नाही, मग नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला अशा वेळी मोठा आधार, पण तो मराठीत असल्याने प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. त्यात दाखल्यावर ‘दत्तात्रय’, पासपोर्टवर ‘दत्तात्रेय’ आणि बाबांच्या जन्मदाखल्यावर नुसतं ‘दत्तू’ असेल, तर तिघेही एकच हे प्रतिज्ञापत्राने सांगा. खिडकीवर विचारतील तेव्हा नव्हे, अर्ज करतानाच.

आजीकडून पात्रता दाखवायची असेल तर आणखी सावध. माहेरची सिंधू सासरी आल्यावर सुनंदा झाली, मधलं नाव बदललं, आडनाव बदललं. म्हणजे तिन्ही नावं वेगळी, आणि त्या पिढीतल्या बहुतेक लग्नांची नोंदणीच झालेली नसते. राजपत्रात नावबदल छापलेला असेल तर प्रश्न मिटतो, पण तो क्वचितच असतो. आजोबांचे कागद बरे असतील तर सरळ त्यांच्याकडून जा. आणि गावी गेलात की ट्रंकेतल्या कागदांचे फोटो काढून आणा. मोडीतला कागद असेल तर तो वाचणारा माणूसही तिथेच शोधा.

लहानपणी कार्ड काढलेल्यांची वेगळीच फसगत होते. विशीच्या आत पासपोर्ट बदलला की दर वेळी नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो तीन महिन्यांत पोर्टलवर चढवायचा. हे फुकट आहे. वीस पूर्ण झाल्यावर पहिला नवा पासपोर्ट आला की मात्र कार्डच एकदा नव्याने काढावं लागतं. सात वर्षांच्या गुबऱ्या चेहऱ्याचं कार्ड घेऊन चोवीस वर्षांचा माणूस विमानतळावर उभा राहिला, तर प्रश्न विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. पन्नाशीनंतरच्या नव्या पासपोर्टसाठी पुन्हा एकदा फक्त प्रत आणि फोटो. जुने पासपोर्ट सोबत बाळगण्याची सक्ती २०२१ मध्ये गेली, तरी चेक-इनला एखादा कर्मचारी मागतोच. मोबाइलमध्ये स्कॅन ठेवा.

कार्ड हातात आलं की दोन फायदे हमखास विसरले जातात. एक, राष्ट्रीय स्मारकांना भारतीयांचा दर लागू होतो: अजिंठा-वेरूळला परदेशी पाहुण्याला ६०० रुपये, भारतीयाला ४०. खिडकीवर आधी कार्ड दाखवा, तिकीट फाडल्यावर वाद घालून उपयोग नाही. दुसरा, जलद इमिग्रेशनची मोफत नोंदणी ओसीआयधारकांनाही खुली आहे. जानेवारी २०२५ पासून ती मुंबईतही चालते, आणि पहाटे तीनला उतरून पुढे कोल्हापूर गाठायचं असेल तर तिची किंमत कळते.

पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी लागते. घर-फ्लॅट घेता येतो. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. वारसाने आली तर सातबाऱ्यावर नाव लागू शकतं. पण काकांनी प्रेमाने बक्षीसपत्र करून द्यायचं म्हटलं, तर ते चालत नाही.