इंधनाच्या सीलसाठी एफकेएम की फ्लुओरोसिलिकॉन?

इंधनवाहिनीच्या जोडावर एफकेएम (फ्लोरिनयुक्त रबर) आणि फ्लुओरोसिलिकॉन (फ्लोरिनयुक्त सिलिकॉन रबर) यांपैकी कोणती ओ-रिंग (गळती रोखणारी गोल रबरी कडी) बसवावी, असा प्रश्न पडल्यास आधी तिथले किमान तापमान पाहावे. दोन्ही रबरे पेट्रोल-डिझेलला दाद देत नाहीत. पण सर्वसाधारण एफकेएम सुमारे २०० अंश सेल्सिअस सोसत असले, तरी उणे २०च्या आसपास ताठरू लागते, तर फ्लुओरोसिलिकॉन उणे ६०च्या जवळपासही लवचीक राहते. मात्र त्याची फाटण्याला तोंड देण्याची ताकद बेताचीच. खाचेच्या धारदार कडेवरून सरकवताना पडलेली बारीक चीरही पुढे वाढत जाते, शिवाय फ्लुओरोसिलिकॉनमधून इंधनाची वाफ एफकेएमपेक्षा अधिक झिरपते. किमतीत दोन्ही नायट्राइल या नेहमीच्या तेलरोधक रबरापेक्षा महागच. अ‍ॅसिटोनमध्ये एफकेएम फुगते, हेही ध्यानात ठेवावे. हलत्या, घासणाऱ्या भागांसाठी एफकेएम घ्यावे. कडाक्याच्या थंडीतील स्थिर जोडासाठी फ्लुओरोसिलिकॉन.