मिजेट घ्यावी की स्पिटफायर?

"काका, दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक एमजी मिजेट, एक ट्रायम्फ स्पिटफायर. दोन्ही लाल रंगाच्याच आहेत. कुठली घेऊ?" गणपतीची आरती नुकतीच संपली होती. माझ्या हातात प्रसादाची वाटी आणि समोर हा पोरगा, इंग्लंडात येऊन त्याला जेमतेम तीन वर्षं झालेली. मी आधी सात वर्षं मिजेट सांभाळली, आता अकरा वर्षं स्पिटफायर सांभाळतोय, त्यामुळे इथल्या मराठी मंडळींचे असले प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतात. त्या गर्दीत त्याला धड काही सांगता आलं नाही, म्हणून हे लिहून काढतोय.

आधी घराणं. दोन्ही जुन्या, दोन सीटांच्या, उघड्या टपाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या. मिजेट ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनची, १९६१ ते १९७९. त्याच काळातली ऑस्टिन-हीली स्प्राइट दिसली तर ती मिजेटच समजा, फक्त बिल्ला वेगळा. स्पिटफायर कोव्हेंट्रीची, १९६२ ते १९८०, आणि तिचा आकार इटालियन डिझायनर मिकेलोत्तीच्या हातचा. दोघी कट्टर स्पर्धक. पण १९६८ साली कंपन्या एकत्र होऊन ब्रिटिश लेलँड झाली आणि दोघी एका घरच्या जावा झाल्या. १९७४ मध्ये तर मिजेटच्या पोटात स्पिटफायरचंच १४९३ सीसी इंजिन बसवलं. एमजीवाले म्हातारे अजून ही गोष्ट आवाज खाली करून सांगतात.

चालवायला मिजेट जास्त मजेची, हे मी स्पिटफायरचा मालक असून कबूल करतो. १९६६ नंतरचं १२७५ सीसीचं इंजिन मिनीच्याच घराण्यातलं, ताकद ६५ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या अल्टोच्या आसपास. पण वजन सातशे किलोच्या घरात आणि तुमची बैठक रस्त्यापासून वीतभर वर. ताशी चाळीस मैलांना ऐंशीचा भास होतो. स्टीअरिंग इतकं सरळ बोलतं की रस्त्यावरचा खडा हाताला कळतो. कॉट्सवोल्ड्सच्या गल्लीबोळांसारख्या रस्त्यांवर, दोन्ही बाजूंना कुंपणं असताना, तिच्यासारखी गाडी नाही.

स्पिटफायरचं तसं नाही. तिच्याखाली स्वतंत्र चासी, म्हणजे बॉडीपासून वेगळा सांगाडा आहे, तीही ट्रायम्फ हेराल्डची आखूड केलेली. हेराल्ड म्हटल्यावर आमच्या वयाच्या लोकांचे कान टवकारतात. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ती हीच. लहानपणी आमच्या गावच्या डॉक्टरांकडे होती. मडगार्डांसकट अख्खं बॉनेट मगरीच्या जबड्यासारखं पुढे उघडायचं आणि आम्ही पोरं शाळा विसरून बघत उभी राहायचो. स्पिटफायरचं बॉनेट तसंच उघडतं. मी ती घेण्यामागे निम्मं कारण हेच, बायकोला सांगितलेली कारणं निराळी होती.

चासी वेगळी असल्याने ती खराब रस्त्यावर थोडी थरथरते. पण मांडीला जागा जास्त, मागे सामानाला जागा जास्त, आणि वळायला तर लंडनच्या टॅक्सीसारखी, आपल्या जागेवरच फिरते. मी पाच फूट अकरा. मिजेटमध्ये उजवा गुडघा कायम स्टीअरिंगखाली अडकायचा आणि तासाभराने पाय झोपायचा. साताऱ्याहून आई आली होती तेव्हा ती मिजेटच्या दारात उभी राहून म्हणाली, "ही तर जमिनीवरच बसलीये, मला उठवणार कोण?" ती शेवटपर्यंत बसली नाही. स्पिटफायरमध्ये बसली, एकदाच.

स्पिटफायरचं एक जुनं दुखणं माहीत असायला हवं. पहिल्या तीन मार्कमध्ये (मार्क म्हणजे आवृत्ती), म्हणजे १९७० पर्यंत, जोरात वळण घेताना घाबरून अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडतं आणि गाडीची शेपूट सुटते. मार्क फोरपासून मागचा आडवा पाटा बदलून हे बऱ्यापैकी आटोक्यात आणलं. मार्क थ्री दिसायला सगळ्यांत देखणी, पण पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्याला मी ती सुचवत नाही.

मोटारवेवर जाणार असाल तर ओव्हरड्राइव्ह बघा, म्हणजे मोठ्या वेगाला इंजिनचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर. मिजेटला कारखान्यातून तो कधीच मिळाला नाही, त्यामुळे ताशी सत्तर मैलांना तिचं इंजिन रडायला लागतं आणि शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. स्पिटफायरला तो जादा पैसे देऊन मिळायचा. नंतरच्या गाड्यांत गिअरच्या मुठीवरच बटण असतं. दाबलं की सगळं एकदम शांत होतं. मी लेस्टरहून लंडनला अजूनही तिने जातो ते एवढ्या एका बटणामुळे.

आता खरा मुद्दा. या गाड्या पन्नास वर्षांच्या आहेत, म्हणजे तुम्ही जितके तास चालवणार त्याच्या निम्मे तरी तास तिच्यापाशी पाना घेऊन बसणार. स्पिटफायरचं बॉनेट उघडलं की पुढच्या चाकावर बसून, चहाचा कप शेजारी ठेवून, प्लग, पॉइंट, टॅपेट, दोन्ही एसयू कार्ब्युरेटर, सगळं करता येतं. मिजेटमध्ये तेच काम वाकून, खाली डोकं वर कंबर. क्लच प्लेट बदलायची वेळ आली तर फरक जास्तच कळतो. मिजेटचं इंजिनच वर काढावं लागतं, बहुतेक वेळा गिअरबॉक्ससकट. मी भाड्याने क्रेन आणली होती आणि दोन शनिवार-रविवार गेले. स्पिटफायरमध्ये सीट काढायच्या, मधला बोगदा उचलायचा आणि गिअरबॉक्स गाडीच्या आतूनच बाहेर. इंजिन जागेवरून हलत नाही. शेजाऱ्याचा हात घेऊन मी हे दीड दिवसात उरकलं.

पण स्पिटफायरचे दोन सापळे आहेत. पुढच्या चाकांच्या खालच्या बाजूला ट्रनियन नावाचे पितळी तुकडे असतात, त्यांना ग्रीस चालत नाही, घट्ट गिअर ऑइलच लागतं. आधीच्या मालकाने ग्रीस मारलं असेल किंवा काहीच मारलं नसेल तर आतले आटे गंजून एक दिवस चाक कोलमडतं, आणि ते बहुतेक वळतानाच. मिजेटच्या किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळ्यावर वळतं त्याला, मात्र ग्रीसच लागतं, म्हणून दोन्ही गाड्या ठेवणारे कधीकधी घोटाळा करतात. दुसरा सापळा १५०० इंजिनचा, म्हणजे वर सांगितलेल्या १४९३ सीसीवाल्याचा. क्रँकशाफ्टला मागेपुढे होऊ न देणारे अर्धचंद्राकृती वॉशर झिजले की खाली तेलात पडतात, आणि मग अख्खा ब्लॉक जातो. तपासायला मिनिट लागतं. इंजिन बंद ठेवून एकाने क्लच दाबायचा-सोडायचा, दुसऱ्याने पुढच्या पुलीकडे बघायचं. पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढेमागे सरकली तर आभार मानून घरी यायचं.

गंजाचा प्रश्न दोघींचा सारखाच, आणि बिल्ल्यापेक्षा त्यालाच जास्त महत्त्व द्या. मिजेटला चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे दाराखालच्या सिल, पायाखालचा पत्रा आणि मागचे कमानपाटे जिथे बसतात ती जागा गेली की काम हजारो पौंडांत जातं. स्पिटफायरवाले म्हणतात, "आमची चासी वेगळी, आम्हाला काय भीती." अर्धसत्य आहे ते. तिचा कणा मध्येच आहे, कडेला आधार सिलचाच. सिल सडल्या की दाराच्या फटी वर-खाली कमीजास्त दिसतात. माझी मिजेट मी एका विक्रेत्याकडून घेतली तेव्हा रंग आरशासारखा होता. घरी आणून सिलवर फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक लावला, तो चिकटेना. आत पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली, बोटभर जाड. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने हातोडीने एक ठोका मारला आणि तुकडा खाली पडला, त्याच्या मागे नुसती हवा. तेव्हापासून नवा रंग दिसला की मी सावध होतो, आणि थोडा गंज उघड दाखवणाऱ्या मालकावर जास्त विश्वास ठेवतो.

सुटे भाग दोन्हींचे सहज मिळतात. मिजेटची तर नवी कोरी बॉडी अजून बनते.

कागदपत्रं इथे सोपी आहेत. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स शून्य, मात्र 'हिस्टॉरिक' वर्गात नोंद स्वतः करून घ्यावी लागते. २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. तरी मी दर मार्चमध्ये ती करून घेतो. ब्रेकच्या बाबतीत मला माझ्या स्वतःच्या डोळ्यांवर एवढा भरवसा नाही. पेट्रोल मात्र बघून भरा: २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं आहे आणि जुने रबरी पाइप त्याने सडतात. ई-५ वालं महागडं घ्या.

पुण्याहून कुणी विचारतं की तिकडे आणता येईल का. भारतात २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेची पाटी मिळते, पण रोज चालवायची मुभा नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. तेवढ्यासाठी हा खटाटोप कुणी करावा असं मला वाटत नाही.

तर त्या पोराला माझं उत्तर: उंची पाच फूट आठच्या आत, घराजवळ अरुंद वळणावळणांचे रस्ते आणि दुरुस्तीला विश्वासू गॅरेज असेल तर १२७५ ची मिजेट, १९७४ च्या आधीची, क्रोम बंपरवाली. त्यानंतर रबरी बंपर आले, अमेरिकेच्या नियमांपायी गाडी उंच केली गेली आणि तिचा रुबाब गेला. स्वतः हात काळे करायचे असतील आणि कधी लांब जायचं असेल तर स्पिटफायर, मार्क फोर किंवा १५००, ओव्हरड्राइव्हसकट. तो सहा फुटी आहे आणि फ्लॅटखाली त्याला गॅरेजची एक खोली मिळालीये, त्यामुळे मी स्पिटफायरकडे झुकतोय. तिच्या सिल मात्र अजून मी पाहिलेल्या नाहीत, आणि जाहिरातीतला लाल रंग जरा जास्तच ताजा दिसतोय.

शनिवारी दोघं जाणार आहोत. लोहचुंबक आणि चटई माझी, क्लच दाबायचं काम त्याचं.