पंखा बंद करता येणारा ओटीजी

नुसता पिझ्झा गरम करायचा असेल तर एवढा मोठा ओटीजी (ओव्हन, टोस्टर, ग्रिल एकत्र असलेली विजेची भट्टी) घेऊ नका, जागा अडेल. पण घरी नानकटाई, खारी, पाव करत असाल तर यात एक मोठी सोय आहे: आतली गरम हवा फिरवणाऱ्या पंख्याला वेगळं बटण आहे. आमच्या जुन्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये भाजायला लावलं की पंखा घुंघुं करत फिरणारच.

सोबतच्या पुस्तिकेवर मात्र माझा राग आहे. केक १८०, बिस्किटं १७० असा तक्ता छापलाय, पण तो पंखा लावून की बंद ठेवून, याचा पत्ताच नाही. माझा हिशेब असा: कृती साध्या, बिनपंख्याच्या ओव्हनची असेल आणि पंखा लावायचा असेल तर २० अंश कमी करायचे. १८० चे १६०, २०० चे १८०. अमेरिकन कृतीतलं ३५० फॅरनहाइट म्हणजे आपलं साधारण १७५ ते १८०. पंख्यावर ते ३२५ करायचं.

पंख्यामुळे ओव्हन जास्त तापतो असं नाही. पदार्थाभोवती दमट, जरा गार हवेचा थर असतो, तो वाऱ्याने सारखा हटतो, म्हणून आच लवकर लागते. हे वीस अंश वजा करायचे ते खऱ्या तापमानातून. या ओटीजीचा नॉब १८० वर असताना आतला थर्मामीटर १६५ दाखवतो! नॉब बघून वजाबाकी केलीत तर नानकटाई पांढरीफटक राहील. थर्मामीटर वेगळा घ्याच.

दिवाळीच्या फराळाला नानकटाईचे दोन ट्रे एकदम लावता येतात, फक्त मध्ये एकदा फिरवावे लागतात, कारण पंख्याजवळच्या आधी लाल होतात. बटाट्याच्या फोडीही पंख्यावर मस्त कुरकुरीत होतात. रव्याच्या केकला मात्र मी पंखा लावत नाही. वरचा पापुद्रा आधी धरतो आणि मग केक मधोमध तडकतो. शिवाय बटर पेपरची सुटी कडा उडून पिठात चिकटते, ते वेगळंच. कॅरमल पुडिंगलाही पंखा बंदच. पाव सुरुवातीला पंख्याविना फुगू द्यावा आणि रंगासाठी शेवटी पंखा लावावा.

वायर आखूड आहे आणि प्लग १६ अँपिअरचा. ओट्याजवळ तसा सॉकेट नसेल तर ऑर्डर करायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.