बोअर ६० मीटरचा, पाइप ‘स्टेनलेस’चे : युगांडात हापसा बसवून देणाऱ्या विद्यार्थी गटांना सावधगिरीची सूचना

उत्तर युगांडातल्या एका गावासाठी विद्यार्थ्यांच्या गटाने वर्गणी काढून हापसा बसवून घेतला. कोटेशनात ६० मीटर बोअर, स्टेनलेस स्टीलचे पाइप आणि दांड्या, पंपिंग टेस्ट (बोअर किती पाणी देतो याची चाचणी), सिमेंटचा ओटा असं सगळं होतं. ऑगस्टमध्ये पाणी आलं, ठेकेदाराला पूर्ण पैसे मिळाले, मुलं परतली. फेब्रुवारीत पाणी तांबडं येऊ लागलं, चहा काळा पडू लागला आणि बायका पुन्हा दलदलीकाठच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. हातपंप मेकॅनिकने पाइप वर काढले तर ते साधे जीआयचे (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे), बोअर ४१ मीटरवर संपलेला. ठेकेदार फोन उचलत नाही.

यात दुर्मीळ काही नाही. हापशाचं डोकं, दांडा, रंग, ओटा हे वर दिसणारं सगळं अस्सल असतं, कारण फोटो त्याचेच निघतात. पैसा खाल्ला जातो तो जमिनीखाली. आणि विद्यार्थी गट सोपं गिऱ्हाईक असतो. उत्तर युगांडातल्या लांगो, अचोली या भागांत पाऊस साधारण एप्रिल ते ऑक्टोबर पडतो, कोरडा काळ डिसेंबर ते मार्च. अमेरिका-युरोपातल्या विद्यापीठांच्या सुट्ट्या जून ते ऑगस्ट. या गटांबरोबर जाणारी मराठी मुलंही त्याच दिवसांत तिथे पोचतात. म्हणजे पाण्याची पातळी वर असतानाच बोअर तपासला जातो. परतीच्या तिकिटाची तारीख ठेकेदाराला ठाऊक असते, त्यामुळे रिग (बोअर खोदणारं यंत्र) मुद्दाम शेवटच्या आठवड्यात येते.

आता पंपाबद्दल. युगांडात ज्याला ‘यू-टू’ म्हणतात तो आपला इंडिया मार्क टू. जालना आणि सोलापूरकडे मिशनऱ्यांच्या कार्यशाळांत घडलेल्या हातपंपांवरून १९७० च्या दशकात तो बेतला गेला, म्हणून त्याची रचना आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या हापशासारखीच : तळाला ६३.५ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, वर ३-३ मीटरचे ३२ मिलिमीटर पाइप आटे जोडत आणलेले, आत १२ मिलिमीटरच्या दांड्या. युगांडाच्या पाणी मंत्रालयाने नव्या हापशांत जीआय पाइप वापरायला मनाई केली आहे, ती उगीच नाही. पाण्याचा सामू (पीएच, आम्लतेचं माप) ६.५ च्या खाली असला की जस्ताचा थर उतरतो, मग लोखंड गंजतं. गंज आधी आट्यांत धरतो, कारण तिथे पाइपाची जाडी कमी झालेली असते. शेवटी जोड तुटून खालचे पाइप सिलिंडरसकट बोअरमध्ये पडतात. ते काढता आले नाहीत तर बोअरच गेला.

पाइप खाली सोडण्याआधी, उघड्यावर मांडलेले असतानाच तपासायचे. चुंबक खिशात ठेवा. ३०४ जातीच्या स्टेनलेसला तो जवळजवळ चिकटत नाही. आट्यांपाशी किंचित ओढ जाणवली तर चालते. घट्ट चिकटला तर माल सरळ परत पाठवा. पण चुंबकावर विसंबू नका. २०१ जातीचं स्वस्त, मँगेनीझवालं स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही, आणि आम्लधर्मी पाण्यात ते ३०४ च्या मानाने लवकर खराब होतं. आपल्याकडे भांडी-भंगारवाले तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकून बॅटरी लावतात, तीच छोटी बाटली न्यावी. २०१ असेल तर थेंब लाल होतो. जिथे सामू ठीक आहे आणि जीआय चालवून घेतलेलं आहे अशा शेजारच्या देशांत ताणकाटा वापरा : ३२ मिलिमीटरचा मध्यम जाडीचा ३ मीटर पाइप सुमारे सव्वानऊ किलो भरतो, हलक्या जाडीचा साडेसातच्या आसपास. बिलात मध्यम आणि ट्रकमध्ये हलका, ही जुनी युक्ती आहे.

पाणी तांबडं झालं की ठेकेदार म्हणतो, इथल्या जमिनीतच लोह आहे. कधी ते खरंही असतं. ओळखायची रीत अशी : रात्रभर हापसा बंद राहिला की पहाटेच्या पहिल्या हापशाचं पाणी एका बाटलीत घ्या, अर्धा-पाऊण तास सलग हापसून दुसऱ्या बाटलीत घ्या. लोह भूजलातलंच असेल तर दोन्ही बाटल्या सारख्याच. पाइप गंजत असेल तर पहिली तांबडी आणि दुसरी बरीच स्वच्छ. एवढ्या पुराव्यावर जिल्हा पाणी अधिकाऱ्याकडे तक्रार घेऊन जाता येतं.

खोलीचा हिशेब रिग चालू असतानाच लागतो. ड्रिलच्या एका दांडीची लांबी स्वतः टेपने मोजा, कारण सांगितलेली लांबी आणि खरी लांबी यांतच चोरी असते. किती दांड्या उतरल्या याच्या रेघा वहीत ओढा. दर मीटरला निघालेला चुरा ओळीने ढिगांत मांडायला सांगा. ६० मीटरला ६० ढीग हवेत, आणि माती, मुरूम, खडक हा बदल त्यांत दिसायला हवा. शेवटी केसिंगमध्ये (बोअरच्या भिंतीला आधार देणाऱ्या नळीत) वजन बांधलेली, मीटर-मीटरला गाठ मारलेली दोरी सोडा. हे पंप बसवण्याआधीच करायचं. एकदा स्टँड आणि पाइप बसले की दोरी घालायला वाट राहत नाही, आणि ठेकेदार तेवढ्यासाठीच घाई करतो. केसिंगचेही तुकडे मोजा. भोकांचं केसिंग कारखान्यातलं आहे की जागेवर करवतीने चिरलेलं, हे चिरा पाहून कळतं. हाताने चिरलेल्यातून वाळू येते आणि सिलिंडरमधले वायसर झिजतात.

पंपिंग टेस्ट ‘केली’ असा कागद घेऊ नका, तासागणिक पातळीचे आकडे मागा. टेस्टचा पंप बंद केल्यावर पातळी किती वेळात पूर्ववत आली, ही नोंदही त्यात हवी. हापसा बसल्यावरच्या दोन चाचण्या कुणालाही जमतात. मिनिटात ४० हापसे मारल्यावर २० लिटरच्या पिवळ्या जेरीकॅनमध्ये किमान १२ लिटर पाणी यायला हवं. मग अर्धा तास हापसा बंद ठेवा आणि पुन्हा सुरू करा. पाणी यायला पाचपेक्षा जास्त हापसे लागले तर पाइपाचा जोड किंवा तळाचा वाल्व गळतोय.

एकच हापसा दोन देणगीदारांना विकल्याचे प्रकारही होतात. पाटी बदलली की झालं. युगांडात नोंद झालेल्या बोअरला सरकारी क्रमांक मिळतो, तो ओट्याच्या सिमेंटात कोरलेला हवा आणि पूर्णत्व अहवालात अक्षांश-रेखांशांसह हवा. ‘कोरडा गेला’ म्हणून बिल लावलेल्या बोअरलाही हाच नियम लावा : जागा दाखव, दोरी सोडू दे, मग पैसे.

गटाचं काम हापशाऐवजी शेतीचं असेल तर फसवणूक बियाण्यात होते. बाजारातला खायचा मका रंगवून संकरित म्हणून पाकिटात भरतात. ओल्या गोणपाटात १०० दाणे उगवून पाहण्याने फार कळत नाही, कारण खायचा मकाही चांगला उगवतो. तो फसवतो कणसं भरायच्या वेळी. पाकिटं कंपनीच्या स्वतःच्या डेपोतून घ्या, लॉट क्रमांक असलेलं लेबल आणि पावती हंगाम संपेपर्यंत जपा.

पैशांचं म्हणाल तर, ठेकेदाराचा त्या वर्षीचा ड्रिलिंग परवाना जिल्हा पाणी कार्यालयात दाखवून खात्री करा. कुणाच्या वैयक्तिक मोबाइल-मनी नंबरवर आगाऊ रक्कम टाकू नका, कंपनीच्या बँक खात्यातच टाका. करारात मीटरचा दर लिहा, ठोक रक्कम नको. प्रत्यक्ष मोजलेल्या खोलीचेच पैसे द्यायचे. किमान दहा टक्के रक्कम मार्च उलटेपर्यंत राखून ठेवा, आणि ती सुटण्याची अट अशी घाला : गावच्या पाणी समितीने आणि ठेकेदाराशी संबंध नसलेल्या हातपंप मेकॅनिकने कोरड्या दिवसांत वरच्या दोन्ही चाचण्या पुन्हा घेऊन सही करायची. मेकॅनिकची मजुरी गटाने वेगळी द्यावी, ठेकेदाराच्या हातून नको.