परदेशातून दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकताना: हेडसेट, वेबसर्ज आणि थेट व्हिडिओ

मी अमळनेरला जनरल सर्जन आहे. पित्ताशय, हर्निया, अपेंडिक्स, बहुतेक दुर्बिणीने. पुण्या-मुंबईला वर्कशॉप करायचं म्हणजे इकडे ओपीडी बंद, म्हणून गेल्या वर्षीपासून इथे बसून परदेशातून शिकायचा हा खटाटोप.

आधी हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवायचा व्हीआर चष्मा, कारण सगळे तेच विचारतात. लंडनचे सर्जन शफी अहमद यांनी 14 एप्रिल 2016 ला रॉयल लंडन हॉस्पिटलमधून कॅन्सरचं ऑपरेशन 360 अंशांत थेट दाखवलं, तेव्हापासून मला त्याची हौस होती. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, उभं असल्यासारखं वाटतं, खरंय. कोण कुठे उभं राहतं, सिस्टर हत्यार कसं हातात देते, हे नव्या स्टाफला दाखवायला झकास. पण पोटात काय चाललंय ते सर्जनच्या खांद्याआड. आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनात सर्जन स्वतःच सपाट पडद्याकडे बघत असतो, मग हेडसेट जास्तीचं काय दाखवणार? शिवाय मे महिन्यात आमच्या खान्देशात तो दहा मिनिटं डोक्यावर ठेवून दाखवा. सध्या कपाटात आहे.

वेबसर्ज मात्र रोजचं. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या इरकाड संस्थेची ही ऑपरेशनच्या व्हिडिओंची वेबसाइट, नाव नोंदवलं की फुकट. आदल्या रात्री तीच केस बघून झोपतो.

खरा फरक पडला तो आपला व्हिडिओ बाहेर पाठवायला लागल्यावर. दुसऱ्याचं बघताना सगळं सोपंच वाटतं. कॅमेरा युनिटमधून कॅप्चर कार्ड (चित्र लॅपटॉपला समजेल असं करून देणारं), तिथून लॅपटॉप, पलीकडे मूळचे धुळ्याचे पण आता इंग्लंडात असलेले एक सर. आमचे दुपारचे बारा म्हणजे उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे साडेसात. सुजलेलं पित्ताशय होतं, माझ्या हातात नळी बंद करायची क्लिप. सर म्हणाले, "थांब, मागची बाजू दाखव." पित्ताशय उलटवलं. मागे चरबी तशीच चिकटलेली. त्यांनी पडद्यावर यकृताच्या खाचेपासून पिवळी रेष ओढली: "हिच्या खाली जायचं नाही." चरबी साफ झाली, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटला, आत जाणाऱ्या दोनच नळ्या उरल्या, तेव्हा कुठे क्लिप लावू दिली. हे पुस्तकात पाठ होतंच, पण आपल्याच पडद्यावर कुणी बोट ठेवलं की वेगळंच.

आता नेटवर्क. कॉटरीचा (विजेने जाळून कापायच्या हत्याराचा) धूर झाला किंवा रक्त उडालं की चित्राचे चौकोन होतात, कारण सगळा पडदा एकदम बदलतो आणि लाइनला तेवढं झेपत नाही. म्हणजे नेमकं गरज असते तेव्हाच. वायफाय सोडून वायर जोडली तसा बराच फरक पडला. तरी आवाज मागे राहतोच. 7 सप्टेंबर 2001 ला फ्रेंच सर्जन मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून स्ट्रासबर्गच्या बाईचं पित्ताशय रोबोटने काढलं, तेव्हा राखीव फायबर लाइनवर उशीर सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी होता. आमच्याकडे कधीकधी पूर्ण सेकंद जातो. त्यामुळे पुढे कुठे जायचं ते सरांना विचारावं. रक्तस्रावाला आपले हात आणि शेजारचा असिस्टंट.

लाइट गेली की ओटी जनरेटरवर येते, पण राउटर रीस्टार्ट होत बसतो. त्याला छोटा यूपीएस लावा.

संमतीचं आधीच बघून घ्या. पडद्याच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव येतं, ते सेटिंगमधून काढावं लागतं. दुर्बीण पुसायला बाहेर काढली की अख्खी ओटी, पेशंटसकट, इंग्लंडात दिसते, म्हणून त्या वेळी सिस्टर चित्र बंद करते. एका आजींनी सही करताना विचारलं, "त्यामा मन्हं नाव येई का?" त्यानंतर संमतीपत्र मराठीत नव्याने छापून घेतलं: नाव नाही, चेहरा नाही, रेकॉर्डिंग आमच्याच हार्डडिस्कवर.